पिवळ्या कोटाची विचारपूस

टेलरकाकूंना शहर चढलं होतं. याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली, चष्म्याची काडी शिवणाच्या दोऱ्याने बांधून वापरणारी ही बाई, पण त्या शहरात राहायला आल्यापासून अशी वागत होती, की बघणाऱ्याला वाटावं हिला कोणीतरी शाळेतून लवकर सोडलंय.

आणि शहर तरी असं काय दिव्य होतं? धड मोठं नाही, धड लहान नाही. उंच इमारती होत्या, पण बोटांवर मोजून घ्याव्यात एवढ्याच. मॉल होता, त्यात सरकता जिना एकच, तोही फक्त वर जाणारा. खाली यायचं ते आपापल्या पायांनी. कुठल्याही बसमध्ये बसा, डुलकी लागायच्या आत शहर संपायचं आणि शेतं सुरू व्हायची. खऱ्या मोठ्या शहरातला माणूस इथे आला असता तर नाक मुरडून म्हणाला असता, एवढंच होय! काकू मात्र पहिल्या आठवड्यात त्या सरकत्या जिन्यावर इतक्या वेळा चढल्या, की शेवटी तिथल्या वॉचमनने विचारलं, "काकू, वर काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नको रे बाबा," काकू म्हणाल्या. "मला नुसतं वर जायचंय."

त्याचं काय आहे, काकूंचा जन्म गेला एका लहान गावात. तिथे दारात उभं राहून शिंकलं तरी संध्याकाळपर्यंत चार घरांतून सर्दीची चौकशी व्हायची. नवी चप्पल घातली तर कुठून घेतली, जुनी घातली तर नवी का नाही घेतली. आणि काकूंना स्वतःचं असं नाव नव्हतंच, त्या होत्या 'कंपाउंडरची बायको'. नवरा गावातल्या एकुलत्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता ना, म्हणून. काकू शिवण करायच्या, पण ते स्वयंपाकघरात, शेगडी आणि पाण्याचं पिंप यांच्यामध्ये मशीन घुसवून. शाळेचे गणवेश, पोरींचे फ्रॉक, उशांचे अभ्रे. कोट शिवायची हौस उभ्या जन्मात मनातच राहिली, कारण त्या गावात कोट घालणार कोण आणि कशासाठी?

मग डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि कंपाउंडरांना या शहरात औषधांच्या एका मोठ्या गोदामात नोकरी मिळाली. सामानाचा ट्रक आला, तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ आणि तिचे सगळे पाइप दिसायचे. काकूंना ते पाइपही आवडले. पण खरी लॉटरी लागली ती तळमजल्यावर. इमारतीच्या जिन्याखाली रस्त्याकडे तोंड असलेली एक चिंचोळी खोली रिकामी पडली होती. पूर्वी तिथे कोणी चाव्या बनवत असे. काकूंनी ती घेतली, मशीन आत सरकवलं, एक टेबल टाकलं, एक स्टूल ठेवलं आणि काचेच्या दारावर रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'टेलर'. पुढे कोणाची बायको वगैरे काही नाही. नुसतं टेलर! त्या दिवशी दुकान बंद केल्यावर काकूंनी आइस्क्रीमचा कोन घेतला आणि भर रस्त्यात, चालत चालत, चाटून चाटून खाल्ला. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. काकूंना इतकं हसू आलं, की निम्मा कोन पदरावर.

आता कंपाउंडरांचं ऐका. या गृहस्थांची गंमत अशी, की गावात असताना त्यांना पेपर आणायला जायचं म्हणजे तास मोडायचा. पावलापावलाला कोणीतरी अडवायचं. "काय कंपाउंडर, बरं आहे ना?" "कंपाउंडर, खोकला हटत नाही हो!" आणि घरी येऊन हे तणतणायचे, "शांतपणे चार पावलं चालू देत नाहीत मेले!" शहरात आले आणि शांतता मिळाली. हवी तेवढी. गोदामात खोक्यांच्या भिंती, मागण्या फोनवर येणार, माल लिफ्टने जाणार, दिवसभर माणसाचं तोंड दिसायची मारामार. येता-जाता रस्त्यात कोणाला हसून मान डोलावली, तर तो माणूस आपल्या मागे कोण आहे ते बघायचा. एटीएमच्या रखवालदाराला यांनी दोन-तीनदा "काय, बरं आहे ना?" केलं, तर तो बिचारा आत जाऊन मशीन बिघडलंय का ते बघून आला.

माणूस सुकायला लागला. रविवारी पलंगावर पडून पंखा बघायचा. "अहो, चला ना, बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊ," काकू म्हणायच्या.

"तिथे काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर!"

"काही नसलेलं बघायला बस कशाला पाहिजे? ते मला इथे पडल्या पडल्या दिसतंय."

अशात एके दिवशी जुन्या डॉक्टरांच्या पुतण्याचा फोन आला. तोही डॉक्टर. काकांचा दवाखाना पुन्हा उघडावा म्हणतो, पण कंपाउंडर येणार असतील तरच, गाव त्यांनाच ओळखतं. महिनाअखेरपर्यंत कळवा. त्या रात्री जेवताना कंपाउंडर असे खुलले, की काकूंच्या घशाखाली घास उतरेना.

"जाऊ या परत," ते म्हणाले.

"आणि माझं दुकान?"

"तिथे मशीन होतंच की तुझं, पिंपाजवळ."

झालं! काकूंनी ताट सरकवलं. मग ती जुंपली म्हणता! आजूबाजूचे शहरातले लोक असल्यामुळे कोणी डोकावलं नाही एवढंच. शेवटी कंपाउंडर हात वर करून म्हणाले, "हे बघ, मी अडून बसलेलो नाही. माझी एकच अट आहे. महिनाअखेरपर्यंत या शहरातल्या एका, फक्त एका माणसाने मला आपणहून विचारू दे, की काय, बरं आहे ना? कामाचं नाही, काही विकायचं म्हणून नाही, नुसतं माणूस म्हणून. विचारलं, तर इथून हलणार नाही. नाही विचारलं, तर ट्रक."

आणि कंपाउंडर शब्दाचे पक्के. औषधाच्या थेंबात कधी फरक केला नाही, तो माणूस शब्दात काय करणार? काकूंच्या डोळ्यांपुढे सगळं आलं. दुकान जाणार, काचेवरचं नाव जाणार, पुन्हा ते पिंप. रात्रभर कूस बदलली, आणि उजाडता उजाडता त्यांना अशी युक्ती सुचली, की उशीत तोंड खुपसून हसल्या. आपणहून विचारायला पाहिजे ना? विचारतील की! आपण फक्त आठवण करून द्यायची.

आता इथे कोटाचं सांगायला हवं. थंडीच्या सुरुवातीला काकूंनी आयुष्यातला पहिला कोट शिवला होता, नवऱ्यासाठी. कॉर्डरॉय, रंग पिवळाधमक. कापडवाल्याकडे तो तागा कोणी घेईना म्हणून पडून होता, काकूंनी पाहिला आणि पाघळल्या. कंपाउंडरांनी कोट पाहिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हा घालून मी चौकात उभा राहिलो तर गाड्या थांबतील गं." पण बायकोने एवढ्या हौसेने शिवलेला, नाही कसं म्हणणार? म्हणून ते रोज सकाळी कोट घालून घराबाहेर पडत, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काढून, घडी करून, पिशवीत कोंबत, आणि संध्याकाळी इमारतीच्या दाराशी आल्यावर पुन्हा चढवत. काकूंना याचा पत्ता नव्हता. तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ होणार नाही.

दुसरी गोष्ट. त्या कोटाचं कापड उरलं होतं, आणि कापड वाया घालवणं काकूंच्या लेखी पाप. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले कवळीवाले दुकानात आले. हे दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवून देत. एका खोलीत एकटेच प्लास्टरच्या जबड्यांमध्ये बसून असत. बोलणं अगदी कमी. हँगरवरचा पिवळा कोट पाहून इतकंच म्हणाले, "असाच मला." काकूंनी माप घेतलं, तर छाती, खांदा, बाही सगळं हुबेहूब कंपाउंडरांचं. तेच कागदी कटिंग काढलं, उरलेलं कापड त्यावर पसरलं आणि कोट तयार. कवळीवाल्यांना टक्कलही तसंच आणि मिशाही तशाच, पण काकूंनी ते पाहिलंच नव्हतं. मापं घेताना टेलर माणसाच्या तोंडाकडे बघत नाही.

तुम्ही म्हणाल, बाईला कळायला नको, की आपण एकसारखे दोन कोट शिवलेत? अहो, पण काकूंच्या नजरेत ते एकसारखे नव्हतेच! नवऱ्याच्या कोटाला आतून निळं अस्तर, याच्याला करडं. त्याच्या कॉलरला दुहेरी टीप, याच्या कॉलरला एकेरी. त्याची काजं हाताने केलेली. दोन वेगवेगळ्या मुलांना आई जुळी म्हणेल का? तसं. रस्त्यावरच्या माणसाला मात्र अस्तर दिसत नाही, त्याला दिसतो पिवळा रंग, आणि ही साधी गोष्ट फक्त शिवणाऱ्या माणसाच्याच डोक्यात शिरत नाही.

तर काकू निघाल्या मोहिमेवर. चौकातली फळवाली पहिली. तोंडाने महाफटकळ, पण काकूंवर तिचा जीव. "हे बघ," काकू म्हणाल्या, "आमचे हे रोज चौकातून जातात. पिवळा कोट, टक्कल, मिशा. दिसले की विचारायचं, काय काका, बरं आहे ना? पण मी सांगितलंय हे कळता कामा नये."

"एवढंच? नवऱ्याची एवढी काळजी! माझा हरवला तर मी चौकशीसुद्धा करणार नाही," फळवाली म्हणाली आणि लगेच तयार झाली. मग बेकरीवाला, त्याच्या एप्रनला काकूंनी नवा खिसा लावून दिला. मग चौकातला ट्रॅफिक पोलीस, त्याच्या पावसाळी कोटाची चेन दुरुस्त करून दिली. सगळ्यांना एकच वर्णन. पिवळा कोट, टक्कल, मिशा. चुकायला जागाच नाही, असं काकूंना वाटलं.

संध्याकाळी कंपाउंडर घरी आले. काकू भाजी चिरता चिरता तिरक्या नजरेने बघतायत. "काय हो, आज कसा गेला दिवस?"

"खोक्यांसारखा."

"रस्त्यात कोणी काही... बोललं वगैरे?"

"कुत्रंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी काकू फळवालीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. "का गं, विसरलीस?"

"मी विसरेन?" फळवाली उसळली. "चांगलं थांबवून विचारलं! आधी दचकले, मग असे हसले, की मिशा कानापर्यंत गेल्या. संत्रं दिलं मी त्यांना."

बेकरीवाल्याने शपथ घेऊन सांगितलं, की त्यानेही विचारलं, वर गरम पाव दिला. ट्रॅफिक पोलीस म्हणाला, "काकू, मी तर गाड्या अडवून त्यांना रस्ता पार करून दिला. सलामही ठोकला."

काकू चक्रावल्या. म्हणजे नवरा खोटं बोलतोय? जन्मात खोटं न बोललेला माणूस, परत जायच्या हट्टापायी आता खोटं बोलायला लागला? संत्रं खातो, पाव खातो, सलाम घेतो आणि घरी येऊन तोंड पाडून बसतो? काकूंचा पारा असा चढला, की त्या दिवशी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवून ठेवल्या.

"आज काय खाल्लंत?" त्या रात्री त्यांनी विचारलं.

"डबा. तूच दिलेला."

"आणखी?"

"आणखी काय खाणार? खोकी?"

"आणि पाव?"

"कसला पाव?"

"अहो, किती ते ढोंग!" काकू ओरडल्या. कंपाउंडर बघतच राहिले. त्यांना वाटलं, या शहराने आपण दुःखी झालो तर झालो, बायकोचं डोकंच फिरलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "तू जरा झोप." त्यावर काकू आणखी भडकल्या. मग त्यांनी मोहीम वाढवली. मॉलचा वॉचमन, चपला दुरुस्त करणारा, बसचा कंडक्टर, वाचनालयातली बाई, जो भेटेल त्याला पिवळा कोट, टक्कल, मिशा. एवढे जण विचारायला लागल्यावर किती दिवस खोटं बोलेल? महिना सरत आला तसा चौकात पिवळ्या कोटाला बघायला लोक टपून बसायला लागले. ज्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं ते सुद्धा, बाकीचे विचारतायत म्हणून विचारायला लागले. आणि कंपाउंडर आपली करडी बंडी घालून, पिशवी काखेत मारून, त्याच गर्दीतून सुकल्या तोंडाने रोज जात होते. कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारीच कंपाउंडर गोदामातून निघून आले आणि काकूंच्या दुकानात स्टुलावर येऊन बसले. घाईत कोट पिशवीतच राहिला होता, पण काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. "ट्रकवाला उद्या सकाळी सामान बघायला येतोय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर काकूंनी भांडून घेतलं असतं. नुसता थकवा होता, आणि तो ऐकल्यावर काकूंना पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस खोटं बोलत नाहीये. त्या मशीन चालवत राहिल्या. सुईत दोरा नव्हता.

तेवढ्यात काचेचं दार धाडकन उघडलं आणि कवळीवाले आत आले. आले कसले, वाऱ्यासारखे शिरले! गाल वर आलेले, डोळे चमकत असलेले, आणि पिवळ्या कोटाची बटणं पोटावर तटतटलेली.

"काकू, बटणं जरा सरकवून द्या. बेकरीवाला ऐकत नाही हो, रोज पाव! नाही म्हटलं तर रुसतो."

काकूंचा पाय मशीनवर तसाच थांबला.

"तुम्ही या कोटात काय शिवलंत ते एकदा सांगून टाका," कवळीवाले म्हणाले. गप्प राहणारा माणूस, पण आता थांबायचं नाव नाही. "अहो, मी या शहरात किती वर्षं आहे! लोकांचे जबडे पाठ आहेत मला, पण रस्त्यात एक माणूस ओळखत नव्हता. सकाळी उठल्यावर मोठ्याने एक ते दहा आकडे म्हणायचो, आवाज शाबूत आहे की नाही बघायला. भावाने बोलावलं होतं कायमचं, तिकीट काढायला निघालो होतो. आणि त्याच दिवशी फळवालीने थांबवलं. काय काका, बरं आहे ना? मी वळून पाहिलं, मागे कोणी नाही. मलाच विचारत होती! मग बेकरीवाला. मग पोलीस, तो तर सलाम करतो! आता चौक ओलांडायला मला अर्धा तास लागतो, सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हणजे वेळ जाणारच. फळवाली म्हणते, बायकोचा फार जीव आहे हो तुमच्यावर. मला बायकोच नाही! पण म्हटलं, कोणाचा तरी असेल. भावाला कळवून टाकलं, आता येत नाही म्हणून."

काकू बघत होत्या. कॉलरकडे नाही, अस्तराकडे नाही. जन्मात पहिल्यांदा त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत होत्या. टक्कल. मिशा. पिवळा कोट. मग त्यांनी स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. टक्कल, मिशा, आणि मांडीवरच्या पिशवीतून डोकावणारी पिवळी बाही. आणि जे हसू उसळलं, ते दाबता दाबता काकू बॉबिन पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली शिरल्या आणि तिथेच बसून गदगदा हलायला लागल्या. हसू येत होतं आणि जीव खाली-वर होत होता. संपलं सगळं! शहरभर हिंडून माणसं गोळा केली आणि सगळी विचारपूस गेली भलत्याच माणसाला.

वर कंपाउंडरांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं लोकांचे चेहरे बघून पुड्या बांधलेला माणूस तो, त्याला एवढं कळायला काय वेळ लागणार? त्यांनी कवळीवाल्यांच्या कोटाकडे पाहिलं. पाव, संत्रं, 'किती ते ढोंग' सगळं आठवलं. टेबलाखालून हलणाऱ्या पदराकडे पाहिलं. मग त्यांनी पिवळी बाही पिशवीत ढकलली आणि पिशवी पायाने स्टुलाखाली सारली.

आणि संकट आलंच. शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला म्हणून फळवाली दारात. आत बघते तर पिवळा कोट! "अगं बाई! काय हो काका, आज बायकोच्या दुकानात मुक्काम का? बघा काकू, मी रोज इमानाने विचारते हं, तुम्ही सांगितल्या..."

कवळीवाल्यांचं तोंड उघडं ते उघडंच. "बायकोच्या?"

"अहो ताई!" कंपाउंडर असे उठले, की स्टूल उलटलं. "बरं झालं भेटलात, मला फळं पाहिजेत. भरपूर पाहिजेत. आत्ताच पाहिजेत, चला!" आणि त्यांनी फळवालीला दंडाला धरून बाहेर नेलं सुद्धा.

"मस्करी करते ही बाई माझी," कवळीवाले खूश होऊन म्हणाले. "सारखी काहीतरी मस्करी!"

काकूंनी टेबलाखालून डोकं वर काढून काचेतून पाहिलं. बाहेर कंपाउंडर हातवारे करून काहीतरी समजावत होते, स्वतःकडे बोट दाखवत होते, मग दुकानाकडे, मग हात जोडत होते. फळवालीने आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसली, मग एकदम गंभीर होऊन तिने मान हलवली. तिने नंतर काकूंना सांगितलं ते असं. कंपाउंडर म्हणाले होते, "नवरा मी आहे. पण हे कोणाला बोलू नका, आणि विचारायचं त्यांनाच. चालू ठेवा. एकाही दिवसाचा खाडा नको." आणि फळवाली म्हणाली होती, "खाडा कशाला? आता कोणी नको म्हटलं तरी मी विचारणार. माणूस गोड आहे हो तो." मग ती आपल्याजवळची संत्र्यांची पिशवी त्यांच्या हातात देऊन आपल्या वाटेने गेली आणि कंपाउंडर जरा वेळ खांबाशी पाठ करून उभे राहिले, फोन कानाला लावून.

ते संत्र्यांची पिशवी घेऊन आत आले. कवळीवाल्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही काकूंचे यजमान ना? तुम्हाला चौकात कधी पाहिलं नाही मी. पाहिलं असतं तर थांबवलं असतं." ते जवळ आले आणि त्यांनी कंपाउंडरांच्या खांद्यावर हात ठेवला. प्लास्टरने पांढरा पडलेला हात होता तो. "नवीन गाव म्हणजे सुरुवातीला फार जड जातं हो. मला विचारा. आल्यापासून कोणी चौकशी केली की नाही तुमची? काय, बरं आहे ना?"

काकूंच्या हातातलं बॉबिन खरोखरच पडलं.

कंपाउंडरांनी संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली. मग घसा खाकरून ते म्हणाले, "बरं आहे." आणि जरा थांबून पुन्हा म्हणाले, "आता बरं आहे."

"मग झालं तर!" कवळीवाले म्हणाले. "उद्या संध्याकाळी या माझ्याकडे, जबडे दाखवतो. एकेक नमुना आहे!" आणि बटणं सरकवायची राहिलीत हे विसरून ते तसेच तटतटलेल्या कोटात बाहेर पडले. चौकातून लगेच कोणीतरी त्यांना हाक मारली.

दार बंद झालं मात्र, काकूंनी एक उडीच मारली. गुडघे गेले उडत! "अहो, झाली ना! पुरी झाली अट! मी याला काही सांगितलं नव्हतं हं, देवाशपथ, हा एकटाच असा आहे ज्याला मी सांगितलं नव्हतं! आता आधी त्या ट्रकवाल्याला फोन करा."

"केला."

"कधी?"

"मघाशी, बाहेर गेलो तेव्हा. पुतण्यालाही केला. म्हटलं, दुसरा कंपाउंडर बघा."

काकू मनात जुळवत राहिल्या. मघाशी, म्हणजे कवळीवाल्यांनी विचारायच्या आधी. म्हणजे तेव्हा या शहरात यांना कोणीच, एकानेही विचारलं नव्हतं.

"मग फोन कशाला केलात हो?"

कंपाउंडर संत्रं सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मला एकाने विचारावं म्हणून तू एवढं शहर कामाला लावलंस. गावात सगळे विचारायचे, पण माझ्यासाठी इतकं धावलं नव्हतं कोणी. आता परत जाऊन काय करू मी?" त्यांनी अर्धं संत्रं काकूंपुढे धरलं. काकूंनी ते घेतलं, आणि हसता हसता त्यांचं सगळं तोंड ओलं झालं, चष्मा नाकावरून घसरला, हुंदका आणि हसू एकमेकांत अडकून उचकी लागली.

"हसतेस की रडतेस, एकदा ठरव," कंपाउंडर म्हणाले.

काकूंना काही केल्या ठरवता येईना.